जालन्याजवळचे बेथेल : बाजार, छावणी आणि एक विसरलेला कौल

मराठी वाङ्मयाच्या आणि वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात श्रीपत शेषाद्री प्रकरण सुपरिचित आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा जेमतेम बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टाचे दार ठोठावले, न्यायमूर्ती पेरी यांच्यासमोर सुनावणी झाली आणि मुलगा वडिलांच्या हवाली करण्यात आला. प्रश्न खरा त्यानंतर उभा राहिला. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाच्या बाजूने उभे राहून त्याच्या प्रायश्चित्ताचा व शुद्धीचा आग्रह धरला, ती घडवून आणली आणि सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. १८४६ साली बाळशास्त्री वारले. आपल्या पाठ्यपुस्तकांतले शेषाद्री प्रकरण तिथेच संपते.

या प्रकरणात दोन भाऊ होते याचा मात्र आपल्याला विसर पडतो. धाकट्यावर विद्वानांनी पाने लिहिली, कारण तो परत आला. थोरला परत आला नाही, म्हणून तो कथेतूनच गेला. तो गेला कुठे, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर आपल्याला मुंबई-पुण्याच्या बाहेर, निजामाच्या राज्याच्या उत्तर टोकाला, जालन्याच्या बाजारपेठेत आणि तिच्या शेजारी वसलेल्या बेथेल नावाच्या एका लहानशा गावात घेऊन जाते. एकोणिसाव्या शतकातील धर्मांतराचा इतिहास आपण फार काळ 'मनाचा' इतिहास म्हणून वाचला आहे. बेथेलची कहाणी तो जमिनीचा इतिहास म्हणूनही वाचायला लावते.

उत्तरेचे टोक

आज मराठवाड्याच्या नकाशात जालना आडवाटेला वाटत नाही. हैदराबादच्या दृष्टीने पाहिले तर चित्र बदलते. राजधानीपासून हे गाव साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास दूर. रेल्वे येण्यापूर्वी हे अंतर बैलगाडीने आणि घोड्याने कापावे लागे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि जालन्याच्या उत्तरेला, आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेवर, निजामाच्या प्रत्यक्ष सत्तेची हद्द संपू लागली. पश्चिमेला काही मजलांवर अहमदनगरचा इंग्रजी मुलूख. म्हणजे दरबारापासून दूर आणि परक्या सत्तेला दोन बाजूंनी लागून असे हे ठाणे होते.

दूर असले तरी ते दरिद्री कधीच नव्हते. 'जालना सोने का पालना' ही म्हण गावकरी आजही अभिमानाने सांगतात. कुंडलिका नदीच्या एका काठाला जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, आणि दोन्हीकडे सराफ, अडते, कापडवाले, धान्याचे व्यापारी. सभासदाच्या बखरीत 'जालनापूर' येते ते लुटीच्या संदर्भात. १६७९ च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने चार दिवस ही पेठ लुटली. पेठेतल्या सावकारांनी आपली चीजवस्तू घेऊन जान मुहम्मद या फकिराच्या तकियात आसरा घेतल्याची हकिगत फारसी तवारिखीत आली आहे. त्या प्रसंगाच्या योग्य-अयोग्यतेची चर्चा पुष्कळ झाली आहे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की इतक्या दूरच्या मोहिमेचा खर्च भरून निघावा इतकी संपत्ती त्या काळी जालन्यात होती आणि संकटसमयी ही संपत्ती धर्मस्थळाच्या ओसरीला येऊन बसली. पेठ आणि पीर यांची ही शेजारसोबत पुढच्या कथेतही निराळ्या रूपात दिसेल.

अठराव्या शतकात येथे गढी-किल्ला उभा राहिला. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांच्या लोकांकडून जालना घेतले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, याच परिसरातल्या असई येथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी निर्णायक लढाई जिंकली. पुढे जालन्याला छावणी पडली. छावणी म्हणजे नुसत्या बराकी नव्हेत. छावणी म्हणजे रोज दाणागोटा, दूध, चामडे, दोर, सरपण आणि मजुरी यांची रोख मागणी. गावगाड्यात बलुत्यावर जगणाऱ्या माणसाला रोकड पैसा पाहायला मिळण्याची जागा बाजार आणि छावणी ह्याच होत्या. त्यात १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीतला कापूस एकाएकी सोन्याच्या मोलाचा झाला. नारायण शेषाद्री जालन्याला आले ते याच सुमारास, १८६० च्या दशकाच्या आरंभी.

मुंबई सोडलेला माणूस

नारायण शेषाद्रींचा बाप्तिस्मा ज्या वर्षी झाला ते वर्ष त्यांच्या गुरूंसाठीही उलथापालथीचे होते. मे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. जॉन विल्सन, नेस्बिट, मरे मिचेल ही मुंबई-पुण्याची मंडळी नव्या 'फ्री चर्च'मध्ये गेली. ज्यांनी आपल्या तत्त्वासाठी स्वतःच्या मायदेशातल्या चर्चचे छत्र नुकतेच सोडले होते अशा माणसांच्या हाताखाली या तरुणाचे शिक्षण झाले. १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. याच वर्षी बाबा पदमनजींनी बेळगावला बाप्तिस्मा घेतला. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले आणि मराठी कादंबरीचा प्रारंभ कुठे मानावा या चर्चेत त्याला कायमचे स्थान मिळाले. १८८८ च्या 'अरुणोदया'त पदमनजींनी आपल्या धर्मांतराची कथा सांगितली. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते.

एकाच वातावरणात वाढलेल्या या दोन माणसांची तुलना उद्बोधक आहे. पदमनजींनी ग्रंथ लिहिले, नारायण शेषाद्रींनी गाव वसवले. ग्रंथ लिहिणारा वाङ्मयाच्या इतिहासात राहतो, गाव वसवणारा राहत नाही, हे एका अर्थी स्वाभाविकच म्हणायचे. पण यामुळे एक विपर्यास होतो. धर्मांतर म्हणजे एखाद्या सुशिक्षित, बहुधा उच्चवर्णीय व्यक्तीच्या अंतःकरणातला झगडा, अशी आपली समजूत होऊन बसते. पदमनजी, नंतर १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक, आणि या साऱ्याकडे पत्नीच्या नजरेने पाहणाऱ्या लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे': वाचनाचा हा राजमार्ग सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ज्यांनी घाऊक संख्येने, कुटुंबाकुटुंबाने हा धर्म घेतला त्यांचा मार्ग या राजमार्गावरून दिसत नाही.

जालन्यात आणखी एक फरक होता. कंपनीच्या मुलखात १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला होता. न्यायालये होती, वृत्तपत्रे होती, श्रीपतच्या प्रकरणात झाली तशी जाहीर वादावादी होऊ शकत होती. निजामाच्या मुलखाला तो कायदा लागू नव्हता. छावणीची हद्द सोडली की मिशनरी हा इथे केवळ एक परवानगीने राहणारा पाहुणा होता. जे काही मिळवायचे ते दिवाणाच्या मर्जीने आणि गावाच्या सोसण्याने. म्हणूनच पुढे जे घडले ते इंग्रजी सत्तेच्या छायेत आपोआप घडले असे म्हणता येत नाही.

मांगवाड्याचा पत्ता

जालना-बेथेलच्या मिशनकडे जे लोक आले ते मुख्यतः मांग, म्हणजे आज ज्याला आपण मातंग म्हणतो त्या समाजाचे. त्यांची गावातली जागा कुठे होती हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्रिं. ना. आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) गावाची जी रचना दिसते तिच्यात प्रत्येक जातीला काम नेमलेले आहे, तसेच ठिकाणही. मांगाने दोर वळायचे, नाडे-कासरे, केरसुण्या, शिंकी करायची, हलगी वाजवायची, आणि राहायचे गावाबाहेर. त्याने वळलेल्या दोराने पाटलाच्या विहिरीची मोट चाले, पण त्या विहिरीला त्याचा हात लागलेला चालत नसे. व्यापाराच्या गाडीला जुंपलेले बैल, गाडीवर आवळलेले कापसाचे बोचके, बाजारात खुंट्याला बांधलेली जनावरे, या साऱ्यांना दोर लागे. म्हणजे जालन्याची पेठ मांगाच्या हातच्या कामाशिवाय चालत नव्हती. पेठेच्या मिळकतीत मात्र त्याचा वाटा नव्हता.

या समाजाचा स्वतःचा आवाज मराठीत पहिल्यांदा छापला गेला तो १८५५ साली. पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि अहमदनगरच्या 'ज्ञानोदया'ने तो फेब्रुवारी-मार्च १८५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. आपण हा निबंध दलित साहित्याचा आणि स्त्रीलेखनाचा आद्य दस्तऐवज म्हणून शिकवतो, ते योग्यच आहे. परंतु त्यातली एक तक्रार आपल्या विवेचनात मागे पडते. मुक्ताबाई सुरुवातीलाच सांगतात त्या जमिनीवरून हाकलले जाण्याच्या आणि इमारतींच्या पायात पुरले जाण्याच्या गोष्टी. ग्रंथ वाचण्याचा अधिकार नाकारला गेला, हे दुःख त्या मांडतातच. त्याच्या जोडीला पायाखालच्या भूमीचे दुःखही मांडतात. आमचा धर्म कोणता, हा त्यांचा प्रश्न आणि आम्ही उभे कुठे राहायचे, हा प्रश्न एकमेकांपासून अलग करता येत नाहीत.

मुक्ताबाईंनी पुण्यात विचारलेल्या या दुहेरी प्रश्नाला दहा-पंधरा वर्षांच्या आत जालन्याजवळ एक अपुरे, पण प्रत्यक्ष उत्तर मिळाले. त्या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध होता असे मला म्हणायचे नाही. मराठी समाजात हा प्रश्न त्या काळी एकाहून अधिक ठिकाणी पिकत होता, एवढेच म्हणायचे आहे.

कौल आणि इस्तावा

निजामाचे दिवाण पहिले सालार जंग (मीर तुराब अली खान) यांनी नारायण शेषाद्रींना जालन्याजवळ काही शे एकर जमीन सवलतीने दिली. तीवर जे ख्रिस्ती गाव वसले ते बेथेल. चर्च, शाळा, घरे आणि शेती असे त्याचे स्वरूप होते. एका मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणाने एका ब्राह्मण-ख्रिस्ती पाळकाला मांगांची वस्ती करण्यासाठी जमीन द्यावी, हे आजच्या वाचकाला आश्चर्याचे वाटेल. ते तसे वाटू नये यासाठी आपल्याच जुन्या दफ्तरातले दोन शब्द आठवावे लागतात: कौल आणि इस्तावा.

नवी पेठ वसवायची असली की राजसत्ता कौल देई. कोणी शेट्या किंवा महाजन पुढे होई, वाणी-उदमी आणून बसवी, आणि त्याबदल्यात काही वर्षे जकात-पट्टीची माफी मिळे. पडीक जमीन लागवडीला आणायची असली की इस्तावा होई. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल चढता, आणि ठरल्या मुदतीनंतर पुरा आकार. महाराष्ट्रातल्या कित्येक पेठा आणि कित्येक गावे अशा कौलांवर उभी आहेत. बेथेलचे दान याच जातकुळीतले होते. पडीक जमीन, तीवर माणसे आणून बसवणारा एक पुढारी, आणि आरंभीची सवलत. दिवाणाच्या दफ्तराला यात नवे काहीच नव्हते. नवी होती ती फक्त आणून बसवलेली माणसे. आजवर कौलावर वाणी आले, कोष्टी आले, कुणबी आले. मांगाला केंद्रस्थानी ठेवून गाव वसवण्याचा कौल मात्र सहसा कोणी मागितला नव्हता.

सालार जंगांचा हेतूही समजून घेण्यासारखा आहे. १८५३ साली ते दिवाण झाले तेव्हा राज्य कर्जात बुडालेले होते आणि वऱ्हाड नुकतेच हातचे गेले होते. मक्त्याने महसूल वसूल करण्याची पद्धत मोडून पगारी अधिकारी नेमणे, १८६५ च्या जिलाबंदीने जिल्हे बांधणे, पडीक जमिनी लागवडीखाली आणणे हा त्यांचा दीर्घ कार्यक्रम होता. सीमेवरच्या जालन्यात ओसाड जमीन कसली जाणार असेल आणि त्यातून पुढे सारा येणार असेल, तर कसणाऱ्याची जात आणि कसवून घेणाऱ्याचा धर्म त्यांच्या लेखी गौण होता. शिवाय छावणीतल्या आणि रेसिडेन्सीतल्या साहेबांच्या नजरेत भरणारी ही गोष्ट होती. उदारता आणि हिशेब दोन्ही त्या एका सहीत असावेत.

गावाचे नावही विचारपूर्वक ठेवलेले दिसते. बायबलच्या 'उत्पत्ती'त, अठ्ठाविसाव्या अध्यायात, भावाशी वितुष्ट येऊन घर सोडून निघालेला याकोब वाटेत एका ठिकाणी उशाला धोंडा घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते आणि तू निजला आहेस ती भूमी तुला व तुझ्या संततीला देईन, असे अभिवचन मिळते. जागा झाल्यावर तो त्या ठिकाणाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. हिंदुस्थानातल्या अनेक मिशनांनी हे नाव वापरले आहे. जालन्याच्या बाबतीत मात्र त्याला एक खास अर्थ येतो. बेथेलच्या कथेतले अभिवचन आधी जमिनीचे आहे. आणि ते मिळते उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपणाऱ्या, भावापासून दुरावलेल्या माणसाला. शेषाद्रींच्या घरातल्या दोन भावांची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगणे नको. धाकट्याला मिशनऱ्यांच्या पंक्तीच्या दोषातून मुक्त करण्यासाठी शास्त्री-पंडितांचा खल झाला. थोरला ज्या वस्तीत राहिला तिथल्या दोषावर कोणत्याच शास्त्रात प्रायश्चित्त नव्हते.

चार लिप्यांचे गाव

साहित्याच्या विद्यार्थ्याला या वसाहतीत रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. त्या काळचे जालना हे अनेक लिप्यांचे गाव होते. दिवाणी कचेरीत फारसी चाले. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. पेठेतल्या वह्या-खतावण्या मोडीत आणि महाजनी अक्षरात लिहिल्या जात. छावणीचा व्यवहार इंग्रजीत. आणि मिशनच्या शाळेत, चर्चमध्ये, छापील पुस्तकांत बालबोध मराठी. यांपैकी पहिल्या तीन लिप्या सत्तेच्या आणि पैशाच्या होत्या. चौथीच्या मागे त्या प्रदेशात राजसत्ता नव्हती आणि बाजारही नव्हता.

ज्या राज्यात बहुसंख्य मराठी बोलणाऱ्यांना मराठीतून शिकण्याची सोय नावालाच होती, तिथे मांगाच्या मुलाच्या हाती छापील मराठी पुस्तक पडले ते अशा शाळांतून. ते पुस्तक बहुधा धर्माचेच असे, त्यातली मराठी पुणे-मुंबईच्या पंडितांनी आणि मिशनऱ्यांनी मिळून घडवलेली, जालना-परतूरच्या बोलीपासून बरीच दूरची. मराठवाड्याची बोली बोलणाऱ्या त्या मुलाला ही भाषा पहिल्यांदा परकीच वाटली असणार. तरीही लिपी एकदा हाती आली की ती केवळ धर्मग्रंथापुरती राहत नाही. सावकाराचा कागद, कचेरीची नोटीस, नातलगाचे पत्र यांच्याशी अक्षरओळखीचा संबंध येतोच. मराठवाड्यातल्या मराठीच्या इतिहासात आपण संतांची परंपरा, नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामातली भाषिक जागृती, आणि त्यानंतर विद्यापीठीय साहित्यव्यवहार असे टप्पे मांडतो. एकोणिसाव्या शतकातल्या मिशन शाळा या मांडणीत कुठे बसतात, याचा विचार व्हायला हवा.

१८७३

एका वर्षावर क्षणभर थांबू. १८७३ च्या २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी ती अर्पण केली, हे सर्वज्ञात आहे. त्याच शरद ऋतूत, ऑक्टोबर १८७३ मध्ये, न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली. तिच्यात जालन्याचे नारायण शेषाद्री हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते आणि या दौऱ्यात त्यांनी आपल्या कामासाठी पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे आवाहन केले.

पुण्याहून एक पुस्तक अमेरिकेकडे तोंड करून उभे होते आणि जालन्याहून एक माणूस अमेरिकेत उभा होता. दोघांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळांतले. दोघांसमोर शूद्रातिशूद्रांचा प्रश्न. पण दिशा वेगळ्या. जोतीरावांनी मिशनऱ्यांकडून विद्या घेतली, त्यांचा धर्म घेतला नाही. गुलामीचे मूळ ते ग्रंथप्रामाण्यात आणि भटशाहीत शोधत होते आणि मुक्तीचे साधन म्हणून विद्येकडे पाहत होते. नारायण शेषाद्रींना मुक्ती एका नव्या ग्रंथात दिसत होती, आणि तिच्यासाठी गावाबाहेर वेगळे गाव वसवावे लागते असे त्यांच्या कामावरून दिसते. गावात राहून गाव बदलायचा की गाव सोडून नवे गाव करायचे? आंबेडकरी चळवळीत पुढे वेगळ्या वस्त्यांचा विचार झाला तेव्हाही हाच पेच निराळ्या शब्दांत समोर आला. त्याची एक सुरुवात जालन्याच्या माळावर झालेली आहे.

कौल कोणाच्या नावे?

आता या कहाणीची दुसरी बाजू. कौल नेहमी शेट्याच्या नावे निघतो, पेठेत येऊन बसलेल्या हमालाच्या नावे नाही. बेथेलची जमीन मिळाली ती नारायण शेषाद्रींना, मांगांना नाही. गावाच्या पाटलाऐवजी पाळक आला, बलुत्याऐवजी मिशनचे काम आले. माणूस अस्पृश्य राहिला नाही, त्याला घर मिळाले, मुलांना अक्षर मिळाले. या गोष्टींचे मोल कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरी स्वामित्वाचा प्रश्न सुटला नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मिशनच्या वसाहतीत राहायचे म्हणजे मिशनच्या शिस्तीत राहायचे. गावकीतले नातेगोते, जत्रा, हलगी, भावकी यांपासून तुटायचे. १८७६ ते १८७८ च्या आणि पुढे छप्पन्याच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळात ठिकठिकाणच्या मिशनांकडे माणसे अन्नासाठी आली. त्यांतल्या कोणाच्या मनात श्रद्धा किती आणि भूक किती, हे मोजण्याचा उद्योग त्या काळी विरोधकांनी केला, तसाच मिशनच्या अहवालकारांनीही. भुकेला माणूस भाकरीबरोबर मान शोधत नसतो असे ज्यांना वाटते त्यांनी मुक्ताबाईंचा निबंध पुन्हा वाचावा.

आणि ही वसाहत ज्या तीन आधारांवर उभी होती ते एकेक करून सरकले. सालार जंग १८८३ साली वारले. नारायण शेषाद्री १८९१ साली गेले. ज्या काँटिन्जंटमुळे निजामाच्या राज्यातल्या छावण्या गजबजलेल्या होत्या ती १९०३ साली इंग्रजी सैन्यात विलीन झाली आणि जालन्याच्या छावणीचे महत्त्व ओसरले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली आणि 'दूरचे उत्तर' ही त्याची ओळखच पुसली गेली. बाजाराला याचा फायदा झाला. सरकी काढण्याचे कारखाने आले. पुढे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको स्थापन केली आणि जालना बियाण्यांचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. नंतर लोखंडाच्या कारखान्यांनी त्यात भर घातली. १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. पेठेने प्रत्येक युगात नवा माल शोधला. मिशनला तसे करता येत नव्हते. स्कॉटलंडमधल्या चर्चच्या फुटी आणि जुळण्या (१९०० आणि १९२९), १९४८ चे हैदराबादचे विलीनीकरण, १९७० साली नागपुरात झालेली उत्तर भारतीय चर्चची स्थापना, यांतून संस्था बदलत गेली.

विस्मरणाला एक कायदेशीर कारणही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या मातंगाला तो आजही नाही. पूर्वजांनी बेथेलसारख्या वस्तीत घेतलेला धर्म दाखल्यावर नोंदवणे म्हणजे हक्क गमावणे, अशी स्थिती असेल तर कुटुंबे पूर्वजांची कथा मोठ्याने कशी सांगतील? ज्या इतिहासाच्या उच्चाराला किंमत पडते तो घरातही हळू आवाजात सांगितला जातो, आणि मग संशोधकापर्यंत पोहोचतच नाही.

दगड आणि माती

अर्धापूरसारख्या गावात बसून हा इतिहास वाचताना एक गोष्ट तीव्रतेने जाणवते. आमच्याकडे केशवराजाचे मंदिर आहे, मध्ययुगीन शिलालेख आहे. शेकडो वर्षांपूर्वी कोणी काय दान दिले, कोणत्या राजाने कोणाला गौरवले, याचे अवशेष दगडावर टिकले आहेत आणि विद्वानांनी ते वाचले आहेत. ज्यांना काही दान मिळाले नाही, किंवा मिळाले ते मातीच्या घराच्या रूपात मिळाले, त्यांचा शिलालेख नसतो. मराठवाड्याच्या प्रत्येक गावाला मांगवाडा आहे. त्या वाड्यांतून कोण कधी कुठे उठून गेले, कोणत्या कौलावर जाऊन बसले, का परत आले, याची बखर कोणी लिहिलेली नाही.

मराठी साहित्यात मातंग समाजाची रेषा आपण मुक्ता साळवे यांच्या १८५५ च्या निबंधापासून थेट अण्णा भाऊ साठे यांच्यापर्यंत, 'फकिरा'पर्यंत (१९५९) ओढतो. मधली शंभर वर्षे कोरी सोडतो. ती कोरी नव्हती. त्या काळात या समाजातल्या काही माणसांनी घर बदलले, नाव बदलले, देव बदलला, अक्षर गिरवले, दुसऱ्याच्या नावच्या जमिनीवर नांगर धरला. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत म्हणून त्यांच्या आयुष्यात विचार नव्हता असे होत नाही. 'ज्ञानोदया'च्या जुन्या फायली, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, सालार जंगी दफ्तरातले फारसी कागद आणि मातंग ख्रिस्ती कुटुंबांच्या आठवणी एकत्र वाचण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे असे आहे. त्याला फारसी येणारा मित्र लागेल आणि जालन्याच्या वाड्यावस्त्यांत फिरण्याची तयारी लागेल.

तोवर निदान एवढे करता येईल. वर्गात श्रीपत शेषाद्री प्रकरण शिकवताना जांभेकरांच्या धैर्याचा उल्लेख अवश्य करावा, आणि मग विद्यार्थ्यांना विचारावे, की त्या मुलाला एक थोरला भाऊ होता, त्याचे पुढे काय झाले? उत्तराचा शोध मुंबईच्या कोर्टातून निघून जालन्याच्या पेठेत येईल, पेठेतून छावणीत, छावणीतून मांगवाड्यात. मराठी नवयुगाचा नकाशा तेवढ्याने तरी थोडा पूर्वेकडे सरकेल.